गावंडे मास्तरांचा वर्तमानकाळ

कामरगावच्या शाळेत मी ड्रॉइंग मास्तर म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी गावंडे मास्तरांना ‘बरे आहात ना?’ असं विचारण्याची चूक केली. मास्तरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘सकाळी होतो.’ पुढे काही सांगतील म्हणून मी थांबलो, तोवर ते वर्गात शिरले होते.

एकोणीसशे पन्नासनंतरची ही पाच-सात वर्षं. मास्तर इंग्रजी शिकवत. उंची बेताची, धोतर घोट्याच्या वर, काळी टोपी, आणि बारा महिने एकच कोट. त्या कोटाच्या खिशात खडूचे तुकडे आणि सुपारी एकत्र नांदत असत, त्यामुळे मास्तरांची सुपारी पांढरी दिसे. मला राहायला खोली मिळाली ती त्यांच्या शेजारची. मध्ये नुसता तुराट्यांचा कुड होता. त्यामुळे मास्तरांच्या घरचं बोलणं मला ऐकू येई, ऐकायचं नसलं तरी.

यमुनावहिनी भाजी वाढून विचारत, ‘मीठ बरोबर आहे का?’

‘पह्यल्या घासाले होतं.’

‘आन आता?’

‘आता भाकरी खाऊन राह्यलो.’

वहिनी कधी चिडत, कधी हसत. त्यांना मूलबाळ नव्हतं. बोलायला घरात दुसरं कोणी नसल्यामुळे त्या कुडाकडे तोंड करून म्हणत, ‘ऐकलं का ड्रॉइंग मास्तर? या माणसासोबत मी पंचवीस वर्सं काढली.’ मी आपली पेन्सिल तासत राही. नवराबायकोच्या भांडणात पडू नये, आणि कुडाआडून तर मुळीच पडू नये.

मास्तरांचा भूतकाळ आणि वर्तमानकाळ शिकवण्याचा धडा साऱ्या पंचक्रोशीत ठाऊक होता. ते वर्गाला मैदानावर नेत आणि चुन्याच्या फक्कीने एक लांब रेघ मारत. डावीकडे झालेलं, उजवीकडे चालू असलेलं. मास्तर मराठीत वाक्य म्हणत, मुलांनी योग्य बाजूला उडी मारायची आणि मग ते वाक्य इंग्रजीत म्हणायचं. ‘गाय चरते’ म्हटलं की सगळा वर्ग उजवीकडे. ‘गाय चरली’ म्हटलं की डावीकडे. मग मास्तर हळूच म्हणत, ‘आलोच!’ अर्धी मुलं डावीकडे जात, अर्धी उजवीकडे, दोघं-तिघं रेघेवरच उभी राहत. मास्तर खूश होत.

‘आपला मानूस कसा आहे?’ ते म्हणत. ‘घरात बसून धोतर नेसून राह्यला आन दारातल्याले सांगते, आलोच. कुठी आला? इंग्रज तसं म्हनत नाई. तो येईन तवा म्हनन, आलो. आन ठेच लागली का आपन म्हनतो, मेलो! मेला असता तं बोल्ला असता का?’

एकदा शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. सातवीतल्या एका मुलीला त्यांनी ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ याचं इंग्रजी विचारलं. ती घाबरून भूतकाळात म्हणाली, ‘द सन रोज इन द ईस्ट.’ साहेबांनी मान हलवली. मास्तर उभे राहून म्हणाले, ‘साहेब, आज सकायचं सांगून राह्यली ते. उद्याचं तिले काय मालूम?’ साहेबांनी शेरेबुकात जे लिहिलं ते हेडमास्तरांनी आम्हाला वाचून दाखवलं नाही. साहेब गेल्यावर मात्र त्याच मुलीला मास्तरांनी ते वाक्य वर्तमानकाळात वीस वेळा लिहायला लावलं.

‘सूर्याचं चालते,’ ते मला म्हणाले. ‘त्याचा रोजचा रिवाज मालूम आहे. मानसाचं तसं नाई. मानसाचं जेवढं डोयानं पाह्यलं तेवढंच सांगावं. आन पाह्यलं म्हनजे झालेलंच असते.’

हे ऐकायला बरं वाटतं. पण असल्या माणसाच्या हाती शाळेतले चालचलणुकीचे दाखले लिहायचं काम होतं, आणि तिथे पंचाईत होती. मुलगा मॅट्रिक होऊन नोकरीसाठी अर्ज करू लागला की त्याला शाळेचा इंग्रजी दाखला लागे. त्यातलं वाक्य ठरलेलं होतं: ‘ही बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर.’ म्हणजे याची चालचलणूक चांगली आहे. मास्तर ‘बेअर्स’च्या जागी ‘बोअर’ लिहीत, म्हणजे चांगली होती. मुलगा शाळा सोडून दोन वर्षं झाली, तो आज कुठे कसा वागतो ते आपल्याला काय ठाऊक, असं त्यांचं म्हणणं. अकोल्याच्या एका कचेरीतून असा एक दाखला लाल पेन्सिलीने खूण करून परत आला. कडेला साहेबाने विचारलं होतं, ‘होती, तर मग आता काय झालं?’

हेडमास्तर नागपूरकडचे, शांत स्वभावाचे. त्यांनी वाद घातला नाही. पुढचे दाखले मास्तरांनी लिहून टेबलावर ठेवले की ते स्वतःच शब्द बदलून सही करून टाकत. मास्तरांना हे कळत होतं. ‘सही त्यायची आहे,’ ते म्हणत, ‘पाप बी त्यायचं.’ अशी दोन-तीन वर्षं सुरळीत गेली.

मग पुंडलिक आला.

पुंडलिक इंझोरीचा, शेतकऱ्याचा मुलगा. कामरगावला मामाकडे राहून तो आमच्या शाळेत शिकला. नववीत इंग्रजीत फार कच्चा निघाला, म्हणून मास्तरांनी त्याच्या वडिलांना पोस्टकार्ड लिहिलं. पोरगं अभ्यास करत नाही, एकदा येऊन जा. आणि ते कार्ड पेटीत टाकायला दिलं कोणाकडे, तर पुंडलिककडेच. तो पोस्टावरूनच मामाकडे जात असे. दिवाळीला वडील आले, तर त्यांना कशाचा पत्ता नाही. मास्तर समजायचं ते समजले. त्यांनी पुंडलिकला मारलं नाही, कार्डाचा विषयही काढला नाही. पुंडलिकने पुढे कारंज्याला जाऊन मॅट्रिक केलं.

आता चार वर्षांनी तो दारात उभा होता. अंगाने भरलेला, मिशी फुटलेली. पोस्टमनच्या जागेसाठी त्याने अर्ज केला होता, आणि ज्या शिक्षकाने शिकवलं त्याच्याच सहीचा दाखला हवा होता. हेडमास्तर तो शाळा सोडून गेल्यावर आलेले, त्यांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे या वेळी त्यांची सही चालणार नव्हती. मुदत दहा दिवसांची.

मी मास्तरांसमोरच हेडमास्तरांना कार्डाची हकीकत सांगितली, तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!’ ते म्हणाले. ‘पण लिहून द्या हो गावंडे, चार वर्षं झाली. पोर होतं तेव्हा.’

‘होतं तवाचं लिवू का मंग?’ मास्तरांनी विचारलं. ‘होतं तवाचं लिवलं तं त्याची नोकरी जाते. आताचं लिवावं, तं मी पाह्यलं नाई.’

मास्तर दोन दिवस खडू चघळल्यासारखं तोंड करून हिंडले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘शनिवारी इंझोरीले जातो. पाहून येतो.’ त्यांनी वेळेत परत यावं म्हणून हेडमास्तरांनी मला सोबत धाडलं.

संक्रांत होऊन गेली होती. कापूस वेचून झाला होता, तुरीच्या पेंढ्या अंगणात आल्या होत्या, माणसं घरी सापडत होती. सर्व्हिस मोटारीतून उतरून मास्तर पहिल्या दिसलेल्या ओसरीवर गेले आणि रामराम होताच सरळ मुद्द्यावर आले. ‘पुंडलिकची चालचलनूक कशी आहे? दारूबिरू? खोटं बोलते का? उधारीउसनवारी?’

घरमालक मास्तरांकडे बघतच राहिला. मग माझ्याकडे, मग मास्तरांच्या कोटाकडे. आत जाऊन त्याने काहीतरी सांगितलं. पाणी आलं, गूळ आला, मागून चहा आला. ‘पोट्टं म्हंजे सोनं आहे, गुरुजी,’ तो म्हणाला. ‘सुपारीच्या खांडाचं बी व्यसन नाई.’

मास्तरांनी वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या घरी पोहे झाले. तिसऱ्या घरी चिवडा. प्रत्येक घरी पुंडलिक आदल्या घरापेक्षा गुणी निघत होता. तिसऱ्या घरचा माणूस पुंडलिकचा चुलत चुलता. त्याचं पुंडलिकच्या घराशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाडवैर होतं, असं मोटारीतच एकाने सांगितलं होतं, म्हणून मास्तर मुद्दाम तिथे गेले होते. तोही म्हणाला, ‘असं पोरगं तालुक्यात नाई.’ त्याच्या ओसरीवर अनसूयाबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, ‘पोरगी किती शिकली, गुरुजी?’

‘कोनती?’ मास्तर म्हणाले. ‘सातवीत तीन आहेत आमच्या शाळंत.’

म्हातारी चकित झाली. ‘तीन!’

तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. मी मास्तरांना बाजूला नेऊन सांगितलं, ‘मास्तर, यांना वाटतंय तुम्ही सोयरिकीसाठी आलात. मुलगी द्यायला पोरगा पाहताय.’

आमच्या भागात अनोळखी वयस्क माणूस गावात येऊन एखाद्या पोराचं वागणं विचारू लागला, तर त्याला दुसरा अर्थच नसतो. आणि सोयरिकीच्या चौकशीत वाईट बोलणं म्हणजे जमतं लग्न मोडल्याचं पाप. ते कोणी डोक्यावर घेत नाही. मास्तरांनी वहीकडे पाहिलं. तीन पानं भरली होती आणि त्यातलं एक अक्षरही कामाचं नव्हतं. ते परत ओसरीवर गेले आणि म्हणाले, ‘मी सोयरिकीले आलो नाई. मले सर्टिफिकेट लिवाचं आहे.’ चुलता हसून म्हणाला, ‘पह्यल्यांदा सारे असंच म्हनतात, गुरुजी. आमी बी म्हनलं होतं.’

शेवटी पुंडलिकच्या घरी गेलो. तिथे तर सतरंजी टाकलेली होती. पुंडलिकला शेतातून बोलावून, धुऊन, नवा सदरा घालून समोर बसवलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. भोवती सगळी भावकी.

मास्तर म्हणाले, ‘नववीत तुया हाती एक कार्ड देल्लं होतं.’

पुंडलिक म्हणाला, ‘हो मास्तर. टाकलं नाई मी. फाडलं आन इहिरीत फेकलं. बा मारन म्हनून भेलो होतो.’

‘कायले सांगतं रे आता!’ आतून त्याची आई ओरडली.

‘इचारलं तं सांगतो,’ पुंडलिक म्हणाला.

वडिलांनी मान खाली घातली. मास्तरांनी वही मिटली, चहा घेतला आणि आम्ही निघालो. परतीच्या मोटारीत मी म्हटलं, ‘दिवसभरात खरं बोललेला माणूस तो एकटाच. झालं ना आता तुमचं समाधान?’

‘खरं बोल्ला,’ मास्तर म्हणाले. ‘पन ते बी झालंच की.’

मला त्यांचा राग आला.

मंगळवारी मधल्या सुट्टीत पुंडलिक शाळेत आला. चेहरा उतरलेला. त्याचं लग्न शिरपूरच्या किसनरावांच्या मुलीशी, सिंधूशी, बोलण्यात पक्कं झालं होतं. सुपारी तेवढी फुटायची होती. इंझोरीत कामरगावचे पाहुणे पोरगा बघून गेले, घरोघर चहापाणी झालं, ही बातमी किसनरावांच्या कानी गेली. एका पोरासाठी दोन ठिकाणी बोलणी चालवतात म्हणून त्यांनी निरोप धाडला: आमची पोरगी आम्हाला जड झालेली नाही, सोयरीक मोडली समजा.

‘दाखला राहू द्या, मास्तर,’ पुंडलिक म्हणाला. ‘नोकरी एखादी भेटन दुसरी. पन तुमी शिरपूरले चला. तुमच्यापायी मोडलं हे. तुमीच सांगा त्यायले.’

मास्तर खुर्चीतून उठले ते परत बसले. या माणसाने आयुष्यात कुणाचं वाईट होईल असं एक वाक्य मुद्दाम उच्चारलं नव्हतं, आणि खरं तेवढंच सांगायच्या हट्टापायी एका पोराचं लग्न मोडून बसला होता. दाखला नीट लिहिता यावा म्हणून गेले, आणि भलतंच करून आले. त्यांचा चेहरा मला बघवेना. पुढचा तास न घेता मास्तर शाळेबाहेर पडले. माझ्या माहितीत असं आधी कधी झालं नव्हतं. पुंडलिकला तिथेच थांबायला सांगून मी मागोमाग गेलो.

शिरपूरला पोचायला दोन मोटारी बदलाव्या लागल्या. उतरलो तेव्हा उन्हं कलली होती, देवळाकडे जाणारे जैन यात्रेकरू बिऱ्हाडं घेऊन चालले होते. किसनरावांचं घर त्याच रस्त्यावर. थोराड माणूस, पागोटं बांधलेला, बाजेवर बसून दोर वळत होता. आम्ही कोण ते सांगितलं. त्यांनी दोर खाली ठेवला नाही.

‘तुमची पोरगी केवढी आहे?’ त्यांनी विचारलं.

‘मले पोरगी नाई,’ मास्तर म्हणाले. ‘पोरगाबी नाई.’

‘मंग इंझोरीत घरोघरी काय पाहून राह्यले होते?’

मास्तरांनी सगळं सांगितलं. दाखला, त्यातलं वाक्य, आपली अडचण. कार्डाचं सांगतील की नाही याची मला धास्ती होती. तेही सांगितलं. किसनरावांच्या हातातला दोर थांबला.

‘एका कागदापायी?’ ते म्हणाले. ‘आमी पोरगी देतो, तं एका सांजेत पाहून येतो. तुमी कागदापायी गाव पालथं घातलं?’ ते हसले नाहीत. दोर मांडीवर ठेवून म्हणाले, ‘बरं. दुसरी सोयरीक नाई, हे समजलं. आता तुमीच सांगा. पोरगा कसा आहे?’

‘शाळंत असताना तो—’

‘शाळंतलं राहू द्या. माही पोरगी आता जानार आहे त्याच्या घरी. आताचं सांगा.’

सिंधू पाण्याचे गडवे घेऊन बाहेर आली होती. गडवे ठेवून ती आत गेली नाही, तिथेच चौकटीला हात लावून उभी राहिली. बापाने तिला आत जा म्हटलं नाही. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे म्हणणार, मी शनिवारी तीन तास पाहिला, त्यावरून सांगता येत नाही. खरं सांगतो, मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

मास्तर म्हणाले, ‘मले पोरगी असती, तं त्यालेच देल्ली असती.’

किसनरावांनी दोराचं वेटोळं केलं, बाजेखाली सरकवलं आणि आत आवाज दिला, ‘पाहुने जेवून जानार आहेत. गोडाचं करा.’ सिंधू तेव्हा आत गेली.

जेवणं झाल्यावर मास्तरांनी किसनरावांच्या मुलाकडून दौत-टाक मागून घेतला आणि तिथेच बाजेवर बसून दाखला लिहिला. ‘बेअर्स’ हा शब्द त्यांनी घाईघाईत लिहिला आणि शाई वाळायच्या आत कागद माझ्या हाती दिला. ‘तुमीच टाका पेटीत,’ ते म्हणाले. मी टाकला. पुंडलिकला नोकरी लागली. त्याच्या हातून एखादं पत्र गहाळ झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

एवढ्याने मास्तर बदलले असं कोणी समजू नये. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या एका मुलाच्या दाखल्यात पुन्हा ‘होती’ लिहिलं आणि हेडमास्तरांनी पुन्हा ते बदललं. वहिनींच्या भाजीत मीठ पहिल्या घासालाच होतं. माझी मात्र अमरावतीच्या शाळेत सोय झाली होती आणि उन्हाळ्यात मी कामरगाव सोडणार होतो. मास्तर मला शेवटचे दिसले ते शिरपूरला, पुंडलिकच्या लग्नात; तिथूनच मी परस्पर अमरावतीला गेलो.

मांडवात ऊन फार होतं. पहिली पंगत बसली होती. मास्तरांना दोन्हीकडच्या व्याह्यांनी मध्ये बसवून घेतलं होतं, कोट त्यांनी काढलाच नव्हता. पंगतीच्या कडेला इंझोरीच्या बायका बसल्या होत्या, त्यांत यमुनावहिनीही होत्या. अनसूयाबाई त्यांच्यातून उठून काठी टेकत मास्तरांसमोर आली.

‘गुरुजी,’ ती मोठ्याने म्हणाली, ‘हे पोट्टं तं तुमच्या हातचं गेलं. मंग तुमच्या पोरीचं जमलं का कुठी?’

हेडमास्तरांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आता मास्तर हात धुऊन उभे राहणार आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगणार, असं आम्हाला वाटलं. मास्तरांचा घास हातात होता. त्यांनी समोर वहिनींकडे पाहिलं. वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या.

‘नाई जमलं अजून,’ मास्तर म्हणाले. ‘पाहून राह्यलो.’

‘जमन, जमन,’ म्हातारी म्हणाली. ‘तुमच्यासारख्याची पोरगी. चांगलीच असन.’

‘हो,’ मास्तर म्हणाले, ‘चांगली आहे.’

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. वाढपी वरणाची बादली घेऊन पुढे आला, आणि मास्तरांनी भातात आळं करून पान पुढे केलं.